कॅमेरा मिळाला, पडद्याचं काय?



आफ्रिकेतल्या सिनेमावर तासभर बोलायला मिळावं, असं मराठी व्यासपीठावर रोज घडत नाही. संयोजकांनी हा विषय मान्य केला याबद्दल आधी त्यांचे मनापासून आभार. आपल्याकडे इराणी सिनेमावर चर्चा होतात, जपानी दिग्दर्शकांवर होतात, फ्रेंच नवलाटेवर तर दोन-तीन पिढ्या बोलत आल्या आहेत. आफ्रिकेचं नाव निघालं की मात्र आपल्या डोळ्यांपुढे जंगल येतं, सिंह येतो, ढोल वाजवणारी माणसं येतात. ही चित्रं आपल्या डोक्यात कोणी भरली? आपण तर आफ्रिकेत गेलेलो नसतो. तरी ती इतकी पक्की कशी बसली? आजचा विषय या प्रश्नापासूनच सुरू होतो.

वसाहतवादाचा सिनेमावरचा परिणाम म्हटलं की आपण पडद्यावरच्या चित्राचा विचार करतो. काळ्या माणसाला रानटी दाखवलं, गोऱ्याला तारणहार दाखवलं. ते खरंच आहे, आणि संतापजनकही आहे. पण मला त्यापुढचं सांगायचं आहे. चित्रपट मनात येतो तिथपासून तो लोकांच्या डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत एक लांब वाट असते, आणि खरी सत्ता त्या वाटेवरच्या नाक्यांवर बसलेली असते. चित्रीकरणाची परवानगी कोण देतं? पैसा कोण देतं? पात्रांनी कोणत्या भाषेत बोलायचं हे कोण ठरवतं? थिएटर कोणाचं असतं? आणि पन्नास वर्षांनी त्या चित्रपटाची निगेटिव्ह कोणाच्या तळघरात सापडते? हे पाच प्रश्न. देश स्वतंत्र झाले तेव्हा यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं. बाकीच्या चारांसाठी आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांना आयुष्यं खर्ची घालावी लागली. ती लढाई अजून संपलेली नाही. मी याच पाच प्रश्नांच्या क्रमानं जाणार आहे. बोलेन ते मुख्यतः सेनेगल, माली, बुर्किना फासो अशा फ्रान्सच्या जुन्या वसाहतींबद्दल, कारण ही गोष्ट तिथे सर्वांत उघडपणे दिसते.

पहिला प्रश्न परवानगीचा.

११ मार्च १९३४ रोजी फ्रान्सचे वसाहतमंत्री प्येर लाव्हाल यांच्या नावानं एक हुकूम निघाला. (हेच लाव्हाल पुढे नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या व्हिशी सरकारचे प्रमुख झाले आणि युद्ध संपल्यावर देशद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.) हुकूम असा की फ्रेंच आफ्रिकेत कोणालाही चित्रीकरण करायचं असेल तर आधी सरकारी परवानगी हवी. पटकथा तपासली जाईल, ती करणारी माणसंही तपासली जातील.

आपणही वसाहतच होतो. आपल्याकडे काय घडत होतं? १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला. परकीय सत्ता होती, पण कॅमेरा फाळक्यांच्या हातात होता. १९३० मध्ये प्रभात कंपनीनं शिवाजी महाराजांवर ‘स्वराज्य तोरण’ काढला, तेव्हा सेन्सॉरनं हरकत घेतली आणि नाव बदलून तो ‘उदयकाल’ म्हणून दाखवावा लागला. म्हणजे आपल्याकडे कात्री होती, आणि ती जाचक होती. पण ती चित्रपट झाल्यावर चालायची. फ्रेंच आफ्रिकेत कॅमेऱ्यापर्यंतच हात पोचू दिला नाही. फाळक्यांना १९१३ मध्ये जे करता आलं ते करायला सेनेगलच्या माणसाला आणखी पन्नास वर्षं थांबावं लागलं.

त्या हुकमाचा बडगा गोऱ्यांवरही पडला. रने व्होतिए नावाचा विशीतला फ्रेंच मुलगा शाळांना दाखवण्यासाठी शैक्षणिक माहितीपट करायला पश्चिम आफ्रिकेत गेला. तिथे त्याला जाळलेली गावं दिसली, वेठबिगारांसारखी राबणारी माणसं दिसली. त्यानं तेच चित्रित केलं. ‘आफ्रिक ५०’ हा तो माहितीपट. फ्रान्सनं त्यावर बंदी घातली, ती चाळीस वर्षांहून अधिक टिकली, आणि व्होतिएला लाव्हालच्याच हुकमाखाली तुरुंगात जावं लागलं. १९५३ मध्ये आलँ रने आणि ख्रिस मार्कर यांनी आफ्रिकन शिल्पांवर ‘पुतळेही मरतात’ या अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट केला. त्यातला वसाहतवादावर बोट ठेवणारा भाग अनेक वर्षं लोकांना पाहू दिला नाही.

मग आफ्रिकेतल्या तरुणांनी काय केलं? पॉलिन सुमानू व्हिएरा हे पॅरिसच्या सरकारी चित्रपटशाळेत शिकलेले पहिले आफ्रिकन विद्यार्थी. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना आपल्या मातीत चित्रीकरण करायचं होतं. ते करता येईना. तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्येच, तिथे राहणाऱ्या आफ्रिकन तरुणांवर ‘आफ्रिक स्युर सेन’ हा लघुपट केला. आफ्रिकन माणसांनी केलेल्या सुरुवातीच्या चित्रपटांत मानानं घेतलं जाणारं हे नाव, आणि त्यात आफ्रिकेऐवजी सेन नदीचा काठ आहे. याहून मोठा पुरावा कशाला हवा?

इंग्रजांची रीत थोडी वेगळी होती. त्यांनी १९३९ मध्ये वसाहतींसाठी खास चित्रपट विभाग काढला. त्याचे प्रमुख विल्यम सेलर्स यांचं ठाम मत होतं की खेड्यातल्या आफ्रिकन माणसाला भराभर बदलणारी दृश्यं, कॅमेऱ्याच्या करामती कळत नाहीत. त्याच्यासाठी संथ, साधा, उपदेशाचा चित्रपटच हवा. विचार करा, श्रोतेहो. माणसाला काय दाखवायचं एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याचा डोळा काय पेलू शकतो हेही त्यांनीच ठरवून टाकलं. त्याआधी १९३५ मध्ये लंडनच्या निर्मात्यांनी ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ काढला होता, नदीकाठच्या टोळ्यांना शिस्त लावणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट. त्यातल्या गर्दीत एक किरकोळ भूमिका करत होते जोमो केन्याटा, पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यात एक प्रमुख भूमिका करणारे थोर कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांनी नंतर त्या चित्रपटाशी नातं तोडलं.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. आणि इथे मला उस्मान सेंबेन यांच्याकडे यायचं आहे.

सेंबेन यांचा जन्म १९२३ चा, दक्षिण सेनेगलमधल्या झिगिंशोरचा. वडील कोळी. शाळा लवकर सुटली. गवंडीकाम केलं, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या सैन्यात चाकरी केली, मग मार्सेच्या बंदरात हमाली केली. तिथेच कामगार चळवळीत आले, तिथेच लिहायला लागले, कादंबरीकार म्हणून नाव झालं. पण ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना वाचता येत नाही, हे त्यांना छळत राहिलं. वयाची चाळिशी जवळ आल्यावर हा प्रतिष्ठित लेखक मॉस्कोला गेला आणि पुन्हा विद्यार्थी होऊन सिनेमा शिकला. पुढे ते म्हणत राहिले की सिनेमा ही आमच्या लोकांची रात्रशाळा आहे.

१९६३ मध्ये त्यांनी ‘बोरोम सारेत’ केला. अवघा वीस मिनिटांचा. डाकारमधला एक गरीब घोडागाडीवाला. एक गिऱ्हाईक त्याला शहराच्या उच्चभ्रू भागात घेऊन जातं, जिथे घोडागाड्यांना बंदी आहे. पोलीस अडवतो. गाडीवाल्याच्या हातून लष्करातलं पदक खाली पडतं आणि पोलिसाचा बूट त्यावर येतो. गाडी जप्त होते. सेनेगल स्वतंत्र होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि तो पोलीस गोरा नव्हता. आफ्रिकन सिनेमाच्या पहिल्याच पावलात हा प्रश्न आहे: राज्य आपलं झालं, मग ही बंदी कोणाची?

त्याच १९६३ साली फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयात एक चित्रपट विभाग सुरू झाला. आफ्रिकन दिग्दर्शकाला तो पैसे द्यायचा, तंत्रज्ञ द्यायचा, पॅरिसमध्ये संकलनाची सोय द्यायचा आणि बदल्यात चित्रपट दाखवण्याचे काही हक्क घ्यायचा. या मदतीनं अनेक चित्रपट झाले, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. ती नसती तर कित्येक दिग्दर्शकांना रीळसुद्धा विकत घेता आलं नसतं. पण मदत देणाऱ्याच्या टेबलावर पटकथा आधी जाते, हे विसरून चालणार नाही. सेंबेन यांनी ‘ला न्वार द...’ची पटकथा या विभागाला दिली आणि ती नाकारली गेली.

काय होतं तिच्यात? डाकारची दियुआना नावाची मुलगी एका फ्रेंच कुटुंबात मुलं सांभाळते. ते तिला फ्रान्सला नेतात, समुद्रकाठच्या आंतीबला. तिला वाटतं, फ्रान्स पाहायला मिळेल. पाहायला मिळतं ते स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि भिंती. तिनं मालकिणीला प्रेमानं दिलेला लाकडी मुखवटा तिथे भिंतीवर शोभेला टांगलेला असतो. शेवटी ती जीव देते. मालक तिचा पगार आणि मुखवटा घेऊन तिच्या आईकडे डाकारला येतो. आई पैशाला हात लावत नाही. मालक परत निघतो, आणि एक लहान मुलगा तोच मुखवटा चेहऱ्यावर धरून त्याच्या मागे मागे चालत राहतो. १९६६ साली या चित्रपटाला फ्रान्समध्ये झाँ व्हिगो पुरस्कार मिळाला आणि ट्युनिशियात कार्थेजच्या पहिल्या महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जे सरकारी टेबलावर नाकारलं गेलं ते जगानं डोक्यावर घेतलं. पण नाकारल्यामुळे जे कधी झालेच नाहीत, त्या चित्रपटांचं काय? त्यांची यादी कुठे मिळणार?

तिसरा प्रश्न भाषेचा.

‘ला न्वार द...’मध्ये दियुआना आपल्या मनाशी बोलते तेही फ्रेंचमध्ये. सेंबेन यांना हे खटकत होतं. १९६८ मध्ये त्यांनी ‘मांदाबी’ केला, वोलोफ भाषेत. आफ्रिकी भाषेतला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. पण पैसा फ्रान्सच्या चित्रपट केंद्राकडूनही येत होता, म्हणून त्याच चित्रपटाची फ्रेंच आवृत्तीही वेगळी चित्रित करावी लागली. एकच गोष्ट, एकच गल्ली, तेच नट, आणि दोनदा चित्रीकरण: एकदा आपल्या लोकांसाठी, एकदा पैसे देणाऱ्यासाठी.

‘मांदाबी’ची गोष्ट आपल्याकडच्या कोणालाही लगेच भिडेल. इब्राहिमा दिएंग या बेकार गृहस्थाला पॅरिसहून पुतण्याची मनीऑर्डर येते. ती वटवायला ओळखपत्र हवं. ओळखपत्राला जन्मदाखला हवा. जन्मदाखल्याला जन्मतारीख हवी. फोटो हवा, स्टँप हवा, ओळख हवी. खिडकीमागचा प्रत्येक माणूस त्याच्याच रंगाचा, पण कागद फ्रेंचमध्ये, आणि दिएंगला ते वाचता येत नाहीत. पैसे शेवटी त्याला मिळत नाहीत. एक शिकलेला, सुटाबुटातला नातलग ते गिळंकृत करतो. वसाहत गेली म्हणजे काय गेलं आणि काय राहिलं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या चित्रपटात सापडलेलं नाही.

इथे एका स्त्रीचं नाव घेतलंच पाहिजे. साफी फाय. १९७५ मधला त्यांचा ‘काद्दू बेकात’ हा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकन स्त्रीनं केलेला, व्यावसायिक वितरण मिळालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात सेनेगलच्या खेड्यातले शेतकरी आपल्या भाषेत आपली व्यथा सांगतात. व्यथा भुईमुगाची. फ्रेंचांनी तेलासाठी लादलेलं एकच पीक, स्वातंत्र्यानंतरही सरकारनं तेच चालू ठेवलं, जमीन दमली, कर्ज वाढलं. कोणी तज्ज्ञ हे समजावून सांगत नाही. ज्यांच्या अंगावर ते आलं तेच बोलतात. भाषा परत मिळाली की काय परत मिळतं ते इथे दिसतं: आपल्या दुःखाचं कारण स्वतः सांगण्याचा हक्क.

चौथा प्रश्न पडद्याचा. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा.

फ्रेंच आफ्रिकेतली थिएटरं आणि त्यांना जाणारे चित्रपट दोन कंपन्यांच्या मुठीत होते. कोमासिको आणि सेकमा. त्या अमेरिकन चित्रपट आणत, फ्रेंच आणत, इजिप्तचे आणत, आणि आपले हिंदी चित्रपटही आणत. स्वस्त आणि घाऊक. आफ्रिकन दिग्दर्शकाचा चित्रपट मात्र त्याच्याच गावात लागत नसे. बर्लिनमध्ये, व्हेनिसमध्ये दाखवला जाई. घरच्या थिएटरात त्याला तारीख मिळत नसे.

याला पहिलं मोठं उत्तर एका गरीब देशानं दिलं. अपर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो. १९६९ मध्ये राजधानी वागाडुगुत आफ्रिकन चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, तोच पुढे फेस्पाको म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९७० मध्ये सरकारनं देशातली थिएटरं ताब्यात घेतली. कंपन्यांनी चित्रपटांचा पुरवठाच तोडला आणि शेवटी तडजोड करावी लागली. पण तिकिटावरच्या कराचा काही भाग चित्रपटनिर्मितीकडे वळवायची वाट या देशानं घालून दिली. इद्रिसा वेद्राओगो यांच्या ‘तिलाई’ला १९९० मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, ते याच मातीतून.

मेद ओंदो यांची कहाणी ऐका. मॉरिटानियाचा हा दिग्दर्शक पॅरिसमध्ये पोट भरायला अमेरिकन नटांना फ्रेंच आवाज देई, आणि त्या कमाईतून स्वतःचे चित्रपट करी. १८९९ मध्ये फ्रेंच फौजेशी लढलेल्या आझना राणीवर त्यांनी ‘सराउनिया’ केला. ती राणी आजच्या नायजर देशातली. पण नायजरमध्ये चित्रीकरण करू दिलं नाही, ते बुर्किना फासोत करावं लागलं. १९८७ मध्ये फेस्पाकोचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. फ्रान्समध्ये मात्र त्याला मोजकेच पडदे आणि थोडेच दिवस मिळाले. चित्रपटावर बंदी घालायची गरजच नसते, श्रोतेहो. पडदा दिला नाही की काम होतं.

इंग्रजांच्या जुन्या वसाहतीतून, नायजेरियातून, दुसरं उत्तर आलं, आणि ते बाजारातून आलं. १९९२ मध्ये कॅसेटच्या धंद्यातल्या केनेथ नेबुए यांनी इग्बो भाषेत ‘लिव्हिंग इन बाँडेज’ व्हिडिओवर काढला आणि थेट कॅसेटवर विकला. थिएटर नको, पॅरिस नको, लंडन नको. त्यातून नायजेरियाचा चित्रपटउद्योग, म्हणजे नॉलीवुड, उभा राहिला. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००६ मध्ये भारतात १०९१ चित्रपट झाले, आणि नायजेरियात ८७२, सगळे व्हिडिओवर. आणि उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात हौसा भाषेचा जो सिनेमा घडला, त्यावर हिंदी चित्रपटांची गाणी आणि कथानकं यांचा ठसा आहे. तिथे ‘मदर इंडिया’ कित्येक दशकं दाखवला जात होता. भराभर बदलणारी दृश्यं आफ्रिकन प्रेक्षकाला कळत नाहीत, असं सेलर्स म्हणत होते ना? कानोच्या प्रेक्षकानं परक्या भाषेतला जवळपास तीन तासांचा चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या आपला केला.

पण १९८० नंतर कर्जात बुडालेल्या देशांवर जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटी आल्या. सरकारांनी हात आखडले, जुनी थिएटरं एकामागून एक बंद झाली. दिग्दर्शक अब्देरहमान सिसाको यांनी २००६ मधल्या ‘बामाको’त एका घराच्या अंगणात न्यायालय भरवलं आणि या संस्थांवर खटला चालवला, आजूबाजूला बायका कापड रंगवतायत, मूल रडतंय, आणि वकील कर्जाचे आकडे मांडतायत. त्यानंतर २०१६ मध्ये कॅमेरूनच्या राजधानीत पुन्हा नवीन थिएटर उघडलं, ते एका मोठ्या फ्रेंच उद्योगसमूहाचं. २०२५ मध्ये कनाल प्लस या फ्रेंच कंपनीनं आफ्रिकेतली बलाढ्य टीव्ही कंपनी मल्टिचॉइस विकत घेतली. थिएटर नवं, वाहिनी नवी. मालक कोण, हा प्रश्न मात्र जुनाच.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न स्मृतीचा.

१ डिसेंबर १९४४. डाकारजवळ थियारोयचा लष्करी तळ. फ्रान्ससाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकन सैनिक थकलेला पगार मागत होते. फ्रेंच सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा. प्रत्यक्षात तो खूप मोठा असावा असं इतिहासकार म्हणतात. सेंबेन आणि थिएर्नो फाती सो यांनी १९८८ मध्ये यावर ‘कां द थियारोय’ केला, सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या तीन आफ्रिकन देशांच्या पैशावर. व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं, पण फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षं दाखवला गेला नाही. फ्रान्सच्या अध्यक्षांनी या घटनेला हत्याकांड म्हटलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐंशी वर्षांनी. चित्रपटानं ते छत्तीस वर्षं आधी म्हटलं होतं.

आणि हे चित्रपट आज आहेत कुठे? पॅरिसमध्ये प्रक्रिया झालेल्या निगेटिव्ह बऱ्याचशा युरोपातच राहिल्या. आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, म्हणून फाळक्यांच्या कामातलं जे उरलं ते आपल्या गावात पाहता येतं. सेनेगलच्या अभ्यासकाला स्वतःच्या देशाचा चित्रपट पाहायला अनेकदा पॅरिसची वाट धरावी लागते. जिब्रिल दियोप मांबेती यांच्या १९७३ मधल्या ‘तुकी बुकी’ या विलक्षण चित्रपटाचं जतन झालं ते २००८ मध्ये, इटलीतल्या बोलोन्यात. २०१७ पासून आफ्रिकन चित्रपटकारांचा महासंघ आणि युनेस्को यांच्या सहभागानं आफ्रिकन चित्रपटांच्या जतनाचं काम सुरू झालं आहे. ते स्वागतार्ह आहे. पण जतन झालेली प्रत शेवटी राहणार कुठे, हे ठरवण्याचा हक्क त्या त्या देशाचा असला पाहिजे.

मांबेती यांची पुतणी माती दियोप. तिच्या ‘दाओमे’ या माहितीपटाला २०२४ मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. १८९२ मध्ये फ्रेंच फौजेनं आजच्या बेनिनमधल्या दाओमेच्या राजवाड्यातून लुटलेल्या हजारो वस्तूंपैकी २६ वस्तू २०२१ मध्ये बेनिनला परत मिळाल्या, त्यांचा हा प्रवास. त्यात विद्यापीठातली मुलं भांडतात: फक्त सव्वीस? बाकीच्या कधी? मला वाटतं, निगेटिव्हबद्दलही हाच प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

एक गोष्ट न बोलता पुढे जाणं अप्रामाणिक होईल. सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. सेंबेन यांच्या १९७५ च्या ‘खाला’ची सुरुवात आठवा: आफ्रिकन व्यापारी फ्रेंच अधिकाऱ्यांना कचेरीतून हाकलतात, आणि थोड्याच वेळात तेच फ्रेंच नोटांनी भरलेल्या बॅगा घेऊन परत येतात. या चित्रपटाला कात्री लावली ती सेनेगलच्याच सेन्सॉरनं. त्यांच्या पुढच्या ‘चेद्दो’वर बंदी घातली तीही सेनेगलच्याच सरकारनं. जुन्या मालकाची सवय नव्या मालकाच्या हाती सहज उतरते. आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांनी हे लपवलं नाही. परक्यांना जितकं सुनावलं तितकंच घरच्यांना सुनावलं, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आहे.

तर, थोडक्यात. परवानगी, पैसा, भाषा, पडदा आणि स्मृती. कॅमेरा हातात येणं ही स्वातंत्र्याची पहिली पायरी. ती १९६० च्या आसपास आली. पण जो चित्रपट आपल्या पैशानं होत नाही, आपल्या भाषेत बोलत नाही, आपल्या गावात लागत नाही आणि आपल्या देशात जपला जात नाही, त्याचं स्वातंत्र्य अपुरं आहे. आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांनी या अपुरेपणाशी ज्या जिद्दीनं झुंज दिली, ती विसाव्या शतकातल्या मोठ्या सांस्कृतिक लढायांपैकी एक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता आपल्याकडे. पडदा देणं म्हणजे काय हे आपण पाहिलं. मग आपल्या हातातले पडदे आपण कोणाला देतो? महाराष्ट्रात आणि गोव्यात फिल्म सोसायट्या आहेत, महोत्सव आहेत, महाविद्यालयांची मंडळं आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या वर्षात एक संध्याकाळ आफ्रिकन सिनेमाला द्या. ‘बोरोम सारेत’ वीस मिनिटांचा आहे, ‘ला न्वार द...’ तासाभराचा. दोन्ही एका बैठकीत होतात. मराठीत छापील परिचय द्या आणि नंतर अर्धा तास चर्चेला ठेवा. त्या संध्याकाळी तुम्ही सगळे या, आणि बरोबर एखाद्या शाळकरी मुलाला, मुलीला घेऊन या.